मागचा पोलादी बंपर आणि स्टेपनी कॅरियर : बसवणी आणि वापरानंतरचे परीक्षण

फोर बाय फोर गाड्यांसाठी मिळणाऱ्या मागच्या पोलादी बंपरच्या जाहिरातींत पत्र्याची जाडीच सर्वांत ठळकपणे सांगितलेली असते. पत्रा जाड हवा हे खरेच. परंतु ज्या बंपरवर स्टेपनीही टांगायची आहे, त्याची कसोटी पत्र्यावर लागत नाही. स्टेपनीचा स्विंग आर्म (चाक धरून दारासारखा बाजूला उघडणारा दांडा) ज्या खुंट्यावर फिरतो तो खुंटा आणि आर्म बंद झाल्यावर त्याला धरून ठेवणारा लॅच या दोन जागीच असा संच टिकतो किंवा निकामी ठरतो. माझ्या गाडीवर बसवलेला संच खडी, चिखल आणि दगडाळ चढणींवर भरपूर वापरून झाल्यावर मी हे लिहीत आहे, आणि त्याचे मोजमाप मी मुख्यतः याच दोन जागांवरून केले आहे.

अशा कॅरियरची गरज का पडते, हे आधी थोडक्यात सांगतो. ज्या गाड्यांची स्टेपनी मागच्या बाजूला खाली साखळीने टांगलेली असते, त्यांना मोठ्या मापाचे टायर घातले की ते चाक त्या जागेत मावत नाही. शिवाय गाडी चिखलात पोटावर टेकली की स्टेपनी उतरवायला खाली जागाच उरत नाही, आणि नेमकी तेव्हाच तिची गरज असते. मागच्या दरवाजावर स्टेपनी असलेल्या गाड्यांची अडचण वेगळी आहे. त्या दरवाजाच्या बिजागऱ्या मूळ चाकाच्या वजनाचा विचार करून केलेल्या असतात. त्यावर जड चाक लावून सतत खराब रस्त्यावर गाडी चालवली, तर बिजागरीभोवतीचा पत्रा तडकू लागतो. बंपरवरचा कॅरियर हे सगळे वजन थेट चेसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर, नेतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

या गुणाची किंमत मात्र वजनात मोजावी लागते, आणि ती खरेदीआधीच हिशेब करून पाहावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. माझ्या संचाचे चाकाशिवायचे वजन ८८ किलो भरले. मूळ प्लास्टिक बंपरचा मधला भाग आणि त्यामागचा आडवा लोखंडी बार मिळून १३ किलो उतरले, म्हणजे गाडीवर निव्वळ ७५ किलोची भर पडली. परंतु हे वजन मागच्या आसाच्या सुमारे १.२ मीटर मागे बसते. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांतील अंतर २.८५ मीटर धरले, तर तरफेच्या नियमाने मागच्या आसावर १०७ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरून ३२ किलो उचलले जातात. ३५ किलोची स्टेपनी खालच्या जागेवरून ४० सेंटिमीटर मागे सरकली, की आणखी ५ किलो पुढून मागे जातात. वजनकाट्यावर गाडीचे एकूण वजन मर्यादेत दिसत असतानाही मागच्या आसाची मर्यादा ओलांडली जाऊ शकते ती यामुळेच, आणि म्हणून दोन्ही आस वेगवेगळे तोलून घ्यावेत. मागचे स्प्रिंग आधीच दमलेले असतील तर बंपरसोबतच ते बदलावेत, आणि गाडीचे नाक वर गेल्यामुळे हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ लागतो, तो त्याच दिवशी खाली घ्यावा.

बसवणीत सर्वाधिक वेळ जुने काढण्यात जातो. चेसीच्या आतल्या बाजूला वेल्ड केलेल्या नटांचे आटे चिखल आणि गंजाने भरलेले असतात. त्यांत नवा बोल्ट जोर लावून फिरवला, तर तो तिरका जाऊन आटे कायमचे खराब होतात. त्यामुळे तारेच्या ब्रशने आणि योग्य मापाच्या टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) आटे साफ करून प्रत्येक बोल्ट हाताने शेवटपर्यंत जातो आहे याची खात्री करूनच बंपर उचलावा. आर्म आणि चाक न लावता नुसता बंपर ट्रॉली जॅकवर लाकडी ठोकळा ठेवून वर घेतला आणि दोन्ही टोकांना एकेक माणूस उभा राहिला, तर हे काम निर्धोकपणे होते. सगळे बोल्ट आधी सैलच ठेवावेत, दोन्ही बाजूंची अंतरे पट्टीने मोजून बंपर मध्यावर आणावा आणि मगच चेसीच्या बाजूपासून आवळायला सुरुवात करावी.

येथे एक बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. चेसीवर वेगळी बॉडी बसवलेल्या गाडीत बॉडी रबराच्या बुशांवर टेकलेली असते, तर बंपर चेसीला पक्का जखडलेला असतो. खड्ड्यांतून जाताना दोन्ही एकमेकांच्या तुलनेत हलतात. अंगणात उभ्या गाडीवर बंपर आणि बॉडीमधली फट अगदी बारीक ठेवली तर ती सुबक दिसते, पण पहिल्याच तिरक्या चढणीवर पोलादाची कड मागच्या पत्र्याला लागून रंग खरवडते. मी ही फट सगळीकडे १२ ते १५ मिलिमीटर ठेवली, आणि तिरक्या तोलात, एक चाक हवेत असतानाही, कुठे घासल्याची खूण आढळली नाही. संचातील लांबट भोकांमुळे अशी जुळवाजुळव करायला भरपूर वाव मिळतो, याबद्दल निर्मात्याचे कौतुक केले पाहिजे. मात्र लांबट भोकांवर दिलेले वॉशर पातळ होते, ते आवळताना आत दबू लागले, म्हणून मी त्यांच्या जागी जाड चौकोनी वॉशर घातले.

बोल्ट किती आवळायचे याचा एकही आकडा सोबतच्या पुस्तिकेत नाही, आणि इतके वजन पेलणाऱ्या वस्तूच्या बाबतीत ही उणीव मला गंभीर वाटते. १२ मिलिमीटरच्या ८.८ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा) बोल्टला कोरड्या आट्यांवर साधारणतः ८० ते ८५ न्यूटन-मीटर, आणि १०.९ ग्रेडच्या बोल्टला ११५ ते १२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, लागतो. आट्यांना ग्रीस लावले असेल तर तो कमी घ्यावा. याहून महत्त्वाचे म्हणजे बोल्टच्या डोक्याखाली आणि जोडाच्या पृष्ठांवर पावडर कोटिंगचा (भाजून पक्क्या केलेल्या रंगाचा) जाड थर असतो. दाबाखाली तो थर हळूहळू बसत जातो आणि आवळलेला बोल्ट आपोआप सैल होतो. जोडाच्या जागेवरचा थर खरवडून तेथे पातळ प्राइमर दिला, तरीही पहिल्या ५०० किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्टवर टॉर्क रेंच पुन्हा लावणे आवश्यक आहे. माझ्या गाडीत चेसीच्या डाव्या बाजूचे बोल्ट तेव्हा थोडे फिरले, त्यानंतर मात्र ते जागचे हललेले नाहीत.

मूळ बंपरचे दोन्ही प्लास्टिक कोपरे कापून पुन्हा वापरावे लागतात. चिकटपट्टीवर रेघ आखावी, रेघेच्या बाहेरून कापावे आणि उरलेले कानशीने घासून रेघेपर्यंत यावे. कडेला रबरी पट्टी बसवली की काम नीटनेटके दिसते.

विजेच्या कामात मात्र घाई करू नये. पार्किंग सेन्सर थेट पोलादात बसवले तर ते अधूनमधून खोटे इशारे देतात, म्हणून ते संचासोबतच्या रबरी कड्यांतूनच बसवावेत. त्याहून मोठी अडचण अशी की सेन्सर बंपरपासूनचे अंतर मोजतो, आणि स्टेपनी तर बंपरच्याही मागे आलेली असते. माझ्या गाडीत हा फरक सुमारे २५ सेंटिमीटर आहे. म्हणजे पडद्यावर अजून २५ सेंटिमीटर शिल्लक दिसत असताना टायर भिंतीला टेकलेला असतो. रिव्हर्स कॅमेरा चाकाआड जात असल्यामुळे तो चाकाच्या मध्यावर आणावा लागतो, आणि नंबरप्लेट, तिचा दिवा व उंचावरचा ब्रेक लाइट मागून स्पष्ट दिसतो ना, हे दुसऱ्या माणसाला गाडीच्या मागे उभे करून पाहावे. स्विंग आर्मवर जाणारी वायर खुंट्याजवळ सैल वळसा देऊनच न्यावी, कारण आर्म उघडताना ती ताणली जाते आणि तुटली तर नेमकी तेथेच तुटते.

आता खुंटा. ३५ किलोच्या चाकाचा मध्य खुंट्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि खुंट्यातील दोन बेअरिंगांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल, तर आर्म उघडा असताना प्रत्येक बेअरिंगवर आडवा भार २१० किलोइतका येतो, आणि यात आर्मचे स्वतःचे वजन धरलेले नाही. साध्या बुशवर फिरणाऱ्या स्वस्त कॅरियरमध्ये हाच भार बुश झिजवतो. एकदा ढिलाई आली की ती काढता येत नाही, आर्म टोकाशी खाली झुकतो आणि लॅचला जाऊन भिडत नाही. या संचात टेपर्ड रोलर बेअरिंगची जोडी, दोन्हीकडे सील, ग्रीस निपल आणि वरून आवळता येणारा खाचांचा नट आहे. आर्म हलवत हलवत तो नट आवळावा, आर्म किंचित जड फिरेल इतपत ताण ठेवावा आणि स्प्लिट पिन घालावी. एवढ्या खडबडीत वापरानंतरही उघडलेल्या आर्मचे टोक हाताने वर उचलले तर कसलीही हालचाल जाणवत नाही. संपूर्ण संचात सर्वांत चांगले घडवलेले अंग हेच आहे, आणि मी हा संच शिफारसयोग्य मानतो तो मुख्यतः त्याच्यामुळे.

बंद करताना आर्म उताराच्या नायलॉन ठोकळ्यावर चढतो आणि त्याचे वजन त्या ठोकळ्यावर टेकते. त्यामुळे रस्त्यावरचे हादरे एकट्या खुंट्याला सोसावे लागत नाहीत. ही रचना योग्य आहे. लॅच मात्र तितका पक्का नाही. तो जुन्या लोखंडी पेटीच्या ओढून दाबायच्या कडीसारखा आहे, आणि त्याचा ताण आट्यांच्या दांड्यावर कमी-जास्त करता येतो. परंतु दांड्यावरचा लॉकनट खडीच्या लांब रस्त्यावर सैल झाला आणि आर्म खडखडू लागला. नायलॉकचा (आत नायलॉनचे कडे असलेला, सहजी सैल न होणारा) नट लावल्यावर तो आवाज थांबला. तरीही कडी चुकून सुटली तर आर्म अडवणारी दुसरी पिन असायलाच हवी होती, कारण चालत्या गाडीमागे एवढे वजन मोकळे झाले तर ते शेजारून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. मी तशी पिन आणि आर्म उघडा राहिल्यास डॅशबोर्डवर दिवा लावणारा स्विच स्वतः बसवून घेतला. उघड्या बाजूला आर्म रोखणारी खिटी मात्र संचातच आहे आणि उतारावर ती उत्तम काम करते.

रोजच्या वापरात मागचा दरवाजा उघडण्याआधी दर वेळी आर्म उघडावा लागतो, त्यासाठी मागे मोकळी जागा लागते, आणि आरशातून मागचे पूर्वीपेक्षा कमी दिसते. ज्यांची गाडी मुख्यतः डांबरी रस्त्यावर चालते आणि मूळ मापाच्या टायरवर ज्यांचे भागते, त्यांनी या फंदात पडू नये. मोठे टायर घालून दूरच्या, एकाकी वाटांवर जाणाऱ्यांना मात्र कंबरेच्या उंचीवर हाताशी असलेली स्टेपनी आणि चेसीला जोडलेले रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढण्यासाठी पट्टा अडकवायच्या जागा) यांचे मोल वेगळे सांगायला नको. ते पॉइंट किती भार पेलतात हे त्यांवर कोरलेले आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे. आणि बंपरला टो-बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा) लावला असला तरी रुतलेली गाडी ओढायला त्याला पट्टा कधीही अडकवू नये. झटक्याने तो तुटतो, गोळ्यासारखा उडतो आणि माणसे मारतो.

राहिला गंजाचा प्रश्न. बंपरच्या बंद पेटीसारख्या दोन्ही टोकांना खालून निचऱ्याची छिद्रे नाहीत, त्यामुळे ओढा ओलांडल्यावर आत शिरलेले पाणी आणि गाळ तेथेच साचून राहतो. निर्मात्याने ही छिद्रे कोटिंगच्या आधीच पाडून द्यायला हवीत. तोवर दोन्ही टोकांच्या सर्वांत खालच्या बिंदूवर १० मिलिमीटरचे छिद्र पाडून, उघड्या कडांना झिंक प्राइमर लावून आणि आत मेणाचे गंजरोधक फवारूनच बंपर गाडीवर चढवावा, कारण तो एकदा बसला की ड्रिल तेथे सरळ धरता येत नाही.