लॅबव्ह्यूमधली क्यू: नावाने शोधावी की रेफनम हातात द्यावा?

समजा, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या स्विचगियर कारखान्यासाठी लॅबव्ह्यूमध्ये (वायरींनी ब्लॉक जोडून प्रोग्राम लिहायची भाषा) टेस्ट बेंच करताय. स्टेशनं सहा. प्रत्येक स्टेशनसाठी एकाच व्हीआयचा (लॅबव्ह्यूमधल्या प्रोग्रामचा) एकेक क्लोन, म्हणजे वेगळी चालणारी प्रत, मेन (मुख्य व्हीआय) चालू असताना लाँच होणारा. सगळ्यांची रीडिंग्ज एका लॉगरकडे जायची. मध्ये क्यू (डेटाची रांग) लागणार हे नक्की. प्रश्न एवढाच, की क्लोनला ती सापडणार कशी?

पहिली वाट नावाची. ‘ऑब्टेन क्यू’ला नाव द्यायचं, डेटा टाइप तोच ठेवायचा, की कुठूनही तीच क्यू मिळते. वायरी ओढायची कटकट नाही, काम झटपट होतं. पण क्यू सापडली नाही तर नवी बनवायची, हा इथला डिफॉल्ट आहे. एका स्टेशनने नावात शेवटी चुकून एक स्पेस टाकली, तर त्याच्यासाठी दुसरीच क्यू गुपचूप तयार होते. एन्क्यू (क्यूत डेटा टाकणं) सुरळीत चालतं, एरर काही नाही, वाचणारा मात्र कोणीच नाही. साइजला मर्यादा घातलेली नसते (डिफॉल्ट -१), त्यामुळे मेमरी फुगत राहते. नावाचीच वाट धरायची असेल, तर क्यू बनवण्याचा अधिकार फक्त मेनला द्या. बाकी ठिकाणी ‘सापडली नाही तर बनवा’ हा इनपुट फॉल्स करा. मग चुकलेल्या नावाला निदान ११०० नंबरची एरर तरी येते. शिवाय दर ‘ऑब्टेन’ला नवा रेफनम (क्यूपर्यंत नेणारा संदर्भ) मिळतो. तो लूपमध्ये घेऊन ‘रिलीज’ विसरलात, तर दिवसभर चालणारा बेंच संध्याकाळपर्यंत जड होतो.

दुसरी वाट: मेनने क्यू बनवायची आणि लाँच करतानाच रेफनम क्लोनच्या हाती द्यायचा. लॅबव्ह्यू २०११ पासून त्यासाठी ‘स्टार्ट असिंक्रोनस कॉल’ आहे. ‘ओपन व्हीआय रेफरन्स’ला हेक्स ८० आणि ४० हे दोन्ही ऑप्शन मिळून द्या आणि रेफनम कनेक्टर पेनवर (व्हीआयच्या इनपुट-आउटपुटच्या जागी) घ्या. टाइप चुकला तर वायर तिथेच तुटते, साइटवर जाऊन कळायची वेळ येत नाही. जुन्या ‘रन व्हीआय’ पद्धतीत कंट्रोलचं नाव स्ट्रिंग म्हणून लिहावं लागतं. कोणी लेबल बदललं, की रनटाइमला बोंब. नवं काम असेल तर तिकडे वळूच नका.

मात्र या वाटेवर एक खड्डा आहे. ज्या टॉप-लेव्हल व्हीआयने रेफनम मिळवला, तो थांबला की लॅबव्ह्यू तो रेफनम आपोआप सोडतं. म्हणजे पहिल्या स्टेशनच्या क्लोनने क्यू बनवून रेफनम इतरांना वाटला आणि आपलं काम संपवलं, तर ‘डिक्यू’वर (क्यूतून पुढचा डेटा काढायला) थांबलेल्या लॉगरला ११२२ ही एरर येते. नावाने घेणारे इथे वाचतात, कारण प्रत्येकाकडे स्वतःचा रेफनम असतो आणि शेवटचा सुटेपर्यंत क्यू जिवंत राहते. नावाच्या बाजूने एवढाच एक भक्कम मुद्दा आहे.

रेफनम फंक्शनल ग्लोबलमध्ये (व्हॅल्यू साठवून ठेवणाऱ्या व्हीआयमध्ये) ठेवणारेही आहेत. चालतं, पण तो व्हीआय चुकून रीएंट्रंट (एकाच वेळी अनेक प्रतींत चालणारा) झाला की प्रत्येक जागी वेगळी प्रत तयार होते, आणि रेफनम किती वेळ जिवंत राहणार हा प्रश्न सुटत नाहीच.

माझा कौल दुसऱ्या वाटेला, एका अटीवर: क्यू त्यानेच बनवावी जो सगळ्यात शेवटी बंद होतो. बहुधा तो मेनच असतो. नावाची क्यू मी डीबग खिडकीपुरती ठेवीन. बेंच बंद करताना ‘फोर्स डिस्ट्रॉय’ मारून ११२२ हाच सिग्नल मानणारेही बरेच आहेत. त्यात क्यूमध्ये उरलेली रीडिंग्ज मात्र लॉगरपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून लॉगरला साधा ‘स्टॉप’ मेसेज धाडलेला बरा.

लॉगर वेगळ्या ईएक्सईमध्ये असेल, तर दोन्ही वाटा बंद. नावाची क्यूसुद्धा अॅप्लिकेशन इन्स्टन्सच्या बाहेर दिसत नाही. तिथे नेटवर्क स्ट्रीम किंवा टीसीपीच लागेल. आणि बिल्ड करताना क्लोनचा व्हीआय ‘ऑलवेज इन्क्लुडेड’मध्ये घाला, किंवा स्टॅटिक व्हीआय रेफरन्स वापरा; नाहीतर तुमच्या लॅपटॉपवर चालणारं ईएक्सई कारखान्यात फाइल सापडत नाही म्हणून एरर ७ देईल.