बागेतली ओपन जिम: दहा यंत्रांपैकी कामाची किती?

महाराष्ट्रातल्या शहरांत, आणि आता तालुक्याच्या गावीही, बागेच्या एका कोपऱ्यात निळी-पिवळी यंत्रे रोवलेली दिसतात. बहुतेक ठिकाणी ती नगरसेवक किंवा आमदार निधीतून येतात. निधी कोणी दिला ते वीस फुटांवरून वाचता येते. यंत्र कसे वापरायचे ते सांगणारी पट्टी मात्र अगदी जवळ जाऊनही धड कळत नाही, आणि जे कळते त्यावर विसंबण्यात अर्थ नसतो. फी नाही, नोंदणी नाही, पहाटे कोणीही जाऊन वापरू शकतो. म्हणूनच या सेवेचे परीक्षण एखाद्या महागड्या जिमइतक्याच कडकपणे व्हायला हवे.

निकाल आधी सांगतो. बागेतला चालण्याचा ट्रॅक पाचपैकी पाच. यंत्रे पाचपैकी अडीच. देखभाल एक, तीही उदार मनाने. फाटकाबाहेरच्या खाण्याच्या गाड्यांचा हिशेब शेवटी.

गुण देताना कसोटी एकच लावली आहे: मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांना दूर ठेवायला हे यंत्र काही हातभार लावते का? जागतिक आरोग्य संघटनेचे 2020 चे मार्गदर्शन प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. पासष्टीपुढच्यांनी त्यात आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही घालायचे. हे जमवायला यंत्र लागतेच असे नाही. साखर वाढू लागलेल्या, पण अजून मधुमेह न झालेल्या 531 भारतीयांवरचा एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना फक्त आहारात बदल आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणे एवढेच सांगितले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटले. त्यासोबत मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिलेल्या गटाला त्याहून जास्त काही मिळाले नाही. अमेरिकेत 2002 साली अशाच अभ्यासात आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम आणि 7 टक्के वजन घटवण्याचे लक्ष्य ठेवले होते, तिथे घट 58 टक्के आली. दोन्हीकडचे औषध तेच: चाल आणि ताट. ट्रॅकला पैकीच्या पैकी गुण त्यामुळे.

ट्रॅकवर रमतगमत गप्पा मारत फिरणे यात धरायचे नाही. मिनिटाला साधारण 100 पावले पडली तर श्रम मध्यम म्हणता येतील. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही सोपी खूण. ट्रॅक 300 मीटरचा असेल तर अर्ध्या तासात नऊ-दहा फेऱ्या व्हायला हव्यात. सहा होत असतील तर फिरणे झाले, व्यायाम झाला नाही.

आता यंत्रांकडे. सगळ्यात जास्त गर्दी एअर वॉकरवर असते, म्हणजे दोन लोंबत्या पायठाण्यांवर उभे राहून पाय पुढे-मागे झुलवायचे त्या यंत्रावर. गर्दीचे कारण सरळ आहे, त्यात कष्टच पडत नाहीत. ही यंत्रे लंबकासारखी चालतात. एकदा गती मिळाली की झोका आपोआप सुरू राहतो, स्नायू फक्त त्याला साथ देतात. नाडी फारशी वाढत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना पाच मिनिटे अंग मोकळे करायला ठीक, कारण पावलांवर आदळ बसत नाही. पण झोका नेहमीच्या चालीतल्या पावलाइतकाच ठेवा. पाय जास्तीत जास्त फाकवण्याची चढाओढ लागली की जांघेतला स्नायू ओढला जातो. सर्वाधिक पडझड उतरताना होते. एक पाय जमिनीवर टेकतो, दुसरा पायठाण्यासोबत निघून जातो. यंत्र पूर्ण थांबेपर्यंत दोन्ही हात दांडीवरून काढायचे नाहीत.

क्रॉस ट्रेनर या कुटुंबातला त्यातल्या त्यात शहाणा भाऊ. हात-पाय दोन्ही चालतात, वेग वाढवला तर दम लागतो. पाऊस असेल आणि यंत्रावर छप्पर असेल तर दहा मिनिटांसाठी ट्रॅकला पर्याय म्हणून चालेल. पायठाणी ओली असतील तर मात्र नको.

ट्विस्टर, म्हणजे फिरत्या चकतीवर उभे राहून कंबर डावी-उजवी करणे, याला शून्य. "पोटाचा घेर कमी होतो" हा दावा याच्याच माथी चिकटलेला असतो. ज्या भागाचा व्यायाम त्याच भागाची चरबी वितळते असे शरीरात होत नाही. चरबी खर्च होते ती सगळ्या अंगातून, आणि ट्विस्टरवर खर्च तरी कितीसा! शिवाय कमरेच्या मणक्यांची रचना वाकण्यासाठी आहे, पिळण्यासाठी त्यांना मुभा फार थोडी. झटके देऊन फिरवल्यावर ताण मणक्यांमधल्या चकत्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. स्लिप डिस्क, सायटिका असलेल्यांनी लांबच राहावे.

शोल्डर व्हील, खांद्याच्या उंचीवरचे मोठे चाक, हे ताकदीचे नव्हे तर सांधा मोकळा ठेवण्याचे यंत्र. मधुमेहात खांदा आखडण्याचा त्रास जास्त दिसतो, त्यांना याचा उपयोग आहे. दुखणार नाही इतक्याच घेरात, दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवा. दोन मिनिटे पुरतात.

खरी मजा चेस्ट प्रेस (छातीसमोरचा दांडा ढकलणे), लॅट पुल (वरचा दांडा खाली ओढणे) आणि लेग प्रेस (बसून पायांनी ढकलणे) या तिघांत आहे, आणि खरी अडचणही. या यंत्रांत लोखंडी वजने नसतात. तुम्ही दांडा ढकलता किंवा ओढता तेव्हा तरफेने तुमचे आसनच वर उचलले जाते. म्हणजे वजन तुमच्याच शरीराचे, त्यातला ठरावीक वाटा. ताकद वाढेल तसे वजन वाढवायची सोय नाही. उलट गंमत अशी की नवखा, जाडजूड माणूस पहिल्याच दिवशी जास्त वजन उचलतो आणि सडपातळ, सरावलेल्या माणसाला यंत्र पिसासारखे हलके लागते. दोन-तीन महिन्यांत बहुतेकांची प्रगती इथे थांबते. तरीही आठवड्यातले दोन दिवस यांच्यावरच द्या, फक्त पद्धत बदला.

पहिले म्हणजे गती कमी करा. ढकलताना दोन सेकंद, परत येताना तीन. आसन खाली आपटू द्यायचे नाही. परत येतानाचा टप्पाही स्नायूला चांगलाच कामाला लावतो आणि बागेत बहुतेक लोक नेमका तोच टप्पा सोडून देतात. लेग प्रेस दोन पायांनी सोपा झाला की एका पायाने करा, भार तिथल्या तिथे दुप्पट होतो. ढकलून झाल्यावर गुडघा शेवटपर्यंत ताठ करून अडकवायचा नाही. 10 ते 15 वेळा एक फेरी, अशा दोन किंवा तीन, मध्ये एक-दीड मिनिट विश्रांती. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. तीस वेळा करूनही काही वाटत नसेल तर ते यंत्र तुमच्या कामाचे उरले नाही. दम रोखून जोर लावल्याने रक्तदाब एकदम उसळतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडा.

सिट-अप बेंचवर पाय अडकवून आडवे पडून भराभर उठणाऱ्यांचे पोट कमी आणि मांडीच्या सांध्यापुढचे स्नायू जास्त काम करतात, कंबर धरते ती त्यामुळेच. हाडे ठिसूळ झालेल्या ज्येष्ठांनी तर असे वाकणे टाळावेच, मणक्याचे हाड दबण्याची भीती असते. त्याच बेंचच्या काठावर कोपरे टेकून अंग सरळ रेषेत 20-30 सेकंद धरून ठेवा, पोटाला ते जास्त उपयोगी.

आणि कोणाचे लक्ष नसते ते यंत्र म्हणजे साधे डबल बार. हलणारा एकही भाग नाही, म्हणून बिघडत नाही. कमरेच्या उंचीच्या बारवर हात टेकून तिरपे जोर मारा. जमू लागले की आणखी खालच्या काठावर, शेवटी जमिनीवर. वजन वाढवण्याची जी सोय बाकी यंत्रांत नाही ती इथे आहे, हात जितके खाली तितका भार जास्त. बारला एका हाताने हलके धरून बैठका मारल्या तर गुडघे दुखणाऱ्यांनाही जमतात. अर्ध्या बैठकीपासून सुरुवात करावी. एका पायावर उभे राहून तोल सांभाळायचा सरावही याच बारपाशी, पडायला झाले तर आधार हाताशी. तालमीतल्या जोर-बैठकांना जे कळले होते ते निविदेतल्या यंत्रांना कळले नाही, एवढेच म्हणतो.

एकूण वेळापत्रक असे बसते: आठवड्यात पाच दिवस अर्धा तास भरभर चाल, त्यातल्या दोन दिवशी चालून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे लेग प्रेस, चेस्ट प्रेस, लॅट पुल आणि बारवरचे जोर. त्या दोन दिवसांत किमान एका दिवसाचे अंतर.

देखभालीला एकच गुण का, ते बसवून वर्ष झालेल्या कुठल्याही यंत्राजवळ जाऊन पाहा. बेअरिंगमधले ग्रीस वाळलेले, त्यामुळे कुरकुर. नटावरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या गेलेल्या, धारदार टोक उघडे. दांडा परत येताना ज्यावर अलगद टेकायचा तो रबरी ठोकळा गायब, म्हणून लोखंडावर लोखंड आपटते आणि जोड ढिला होतो. वापरण्याआधी यंत्र हाताने हलवून पाहा. पायाशी बोल्ट डुगडुगत असेल, पायठाणे एका बाजूला कलत असेल, किंवा पावसाळ्यात खालच्या फरशीवर शेवाळ असेल तर पुढच्या यंत्राकडे चला. वॉर्ड ऑफिसला तक्रार करताना "जिम खराब आहे" असे लिहून काही होत नाही. कोणते यंत्र, कोणता भाग, सोबत फोटो, हे द्यावे. साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्या, तरफेच्या जोडात कापड ओढले जाते. मुलांची बोटेही तिथेच चेंगरतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर या लोखंडाला हात लावणेही कठीण. आणि आसनांची उंची ठेवताना सव्वापाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या बायकांचा विचार कोणी केलेला नसतो. त्यांचे पाय टेकत नाहीत, कंबर पुढे घसरते. अशांनी लेग प्रेस सोडून बैठका घ्याव्यात.

छातीत जडपणा, जबड्यात किंवा हातात कळ, कारण नसताना घाम, असे काही झाले तर लगेच थांबून रुग्णालय गाठा. "दोन फेऱ्या मारल्या की मोकळे होईल" हा सल्ला जिवावर बेतू शकतो. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाआधी 100 च्या खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन घ्यावे. खिशात तीन चमचे साखरेची पुडी असू द्या. तळव्यांची संवेदना कमी झालेल्यांनी चपला घालून येऊ नये, बंद बूट आणि मोजे हवेत.

आता फाटकाबाहेर. 65 किलोच्या माणसाचे अर्धा तास भरभर चालण्यात साधारण 130 कॅलरी खर्च होतात. एक वडापाव 300 च्या आसपास. हिशेब ज्याचा त्याने करावा. मोड आलेल्या मटकीची गाडी असेल तर तिला पूर्ण गुण. वरून शेव नको आणि मीठ बेताचे. फळांचा रस गाळला की चोथा जातो आणि साखर उरते, त्यापेक्षा तेच फळ चावून खाल्लेले बरे. दुधीच्या रसाबाबत जपून. दुधी कडू निघाला तर त्यातल्या विषारी घटकामुळे उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झालेले आहेत. पहिला घोट कडू लागला की थुंकायचा. "कडू म्हणजे गुणकारी" हे कारल्याला ठीक, दुधीला नाही.

घरी पोहोचल्यावरचा भाग बागेच्या परीक्षणात बसत नाही, तरी तो वगळला तर वरचे सगळे अर्धवट राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात 2000 कॅलरींच्या दिवसासाठी धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम असे साधारण माप आहे. मीठ दिवसाला 5 ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट एक चमचा, आणि त्यात लोणचे-पापडही आले. आपल्याकडे पहिला आकडा सहज ओलांडला जातो आणि भाज्यांचा आकडा निम्म्यावरही पोहोचत नाही. तेलाचा हिशेब डब्यावरून कळतो: चार माणसांच्या घरात तूप धरून महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवे. पाच लिटरचा डबा महिनाअखेर रिकामा होत असेल, तर लेग प्रेसच्या आणखी दोन फेऱ्या घालून भागणार नाही. आधी कढईकडे बघा.