क्युबिट टिकवायचा: पल्सने की एरर करेक्शनने?

इंदूरमध्ये एम.एस्सी.चा क्वांटम प्रकल्प ठरवताना बरेच जण थेट एरर करेक्शनकडे धावतात, म्हणजे अनेक क्युबिट (क्वांटम माहितीचे मूळ घटक) एकत्र वापरून चुका पकडण्याकडे. हातात सहाच महिने असतील तर आधी डायनॅमिकल डिकपलिंग (ठरावीक वेळी पल्स देऊन क्युबिटवरचा नॉइज रद्द करणं) घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

त्याचं मूळ भौतिकशास्त्रज्ञ एर्विन हानच्या 1950 मधल्या स्पिन इकोत आहे. क्युबिटची अवस्था थोडा वेळ मोकळी सोडायची, पाय (π) पल्सने, म्हणजे 180 अंश फिरवणाऱ्या पल्सने, उलटवायची, पुन्हा तेवढंच थांबायचं. नॉइज संथ असेल तर दुसऱ्या अर्ध्यात त्याचा परिणाम पुसला जातो. शुद्ध हिऱ्यातल्या एनव्ही केंद्राची (नायट्रोजनचा अणू आणि शेजारची रिकामी जागा, जी क्युबिट म्हणून वापरतात) फेज काही मायक्रोसेकंदांत विस्कटते. एका इकोने ती शेकडो मायक्रोसेकंद टिकू शकते, तीही खोलीच्या तापमानाला.

गडबड होते ती पल्समध्ये. सगळ्या पाय पल्स एकाच अक्षाभोवती दिल्या, तर त्या अक्षावरची अवस्था छान टिकते. काटकोनातली मात्र पल्सच्या बारीक चुका साठून नाहीशी होते. एकाच आरंभावस्थेवर मोजलं तर आलेख देखणा येतो आणि फसवतो. म्हणून एक्स आणि वाय अक्षांभोवती आलटून पालटून, एक्स-वाय-एक्स-वाय असा क्रम वापरा आणि दोन्ही अक्ष तपासा.

पल्स चुकण्याचं आणखी एक कारण तापमान. इंदूरच्या मे महिन्यात, एसी चालू-बंद होताना, एनव्हीची 2.87 गिगाहर्ट्झची रेझोनन्स रेषा (ज्या वारंवारतेला ते पल्सला प्रतिसाद देतं) दर अंशाला सुमारे 74 किलोहर्ट्झ सरकते. खरा त्रास प्रयोगातल्या निओडिमियम चुंबकाचा: त्याचं 100 गॉसचं चुंबकीय क्षेत्र अंशामागे 0.1 टक्का ढळलं, तरी रेषा 280 किलोहर्ट्झ हलते. चुंबक एसीच्या झोतापासून लांब ठेवा, प्रत्येक मालिकेआधी रेझोनन्स नव्याने शोधा.

एरर करेक्शनचा पसारा मोठा. तीन क्युबिटांच्या रिपिटिशन कोडला 3 डेटा आणि चुका तपासणारे 2 मदतनीस क्युबिट लागतात, तरी तो एकाच प्रकारची चूक पकडतो. दोन्ही प्रकारच्या चुका पकडणाऱ्या सरफेस कोडला अंतर (चूक नकळत निसटायला किमान किती क्युबिट बिघडावे लागतात) 3 साठी 17 क्युबिट, अंतर 7 साठी 97. गूगलने 2024 मध्ये अंतर 7 पर्यंत कोड वाढवत नेऊन दाखवलं, की दर पायरीला चूक निम्म्याहून खाली येते.

मग कोड कधी घ्यायचा? आधी टी1 (ऊर्जा गळून जायला लागणारा वेळ) आणि टी2 (फेज टिकण्याचा वेळ) मोजा. टी2 कितीही ताणला तरी टी1 च्या दुपटीपलीकडे जात नाही, कारण ऊर्जेची गळती पल्सने थांबत नाही. टी2 त्या मर्यादेच्या खूप खाली असेल तर पल्स, अगदी जवळ असेल तर कोड. क्लाउडवरच्या यंत्रावर कोड चालवलात तरी मदतनीस मोजले जात असताना डेटा क्युबिट रिकामे बसतात. त्या फटीत एक्स-एक्स पल्सची जोडी टाकाच.