अंगाची तक्रार घेऊन गेलो, त्यांनी भुवई तपासली

पुण्यातल्या मुलांच्या त्वचारोगांच्या या दवाखान्यात आम्ही सोलापूरहून येतो. जन्मापासून अंगाचे पापुद्रे निघतात आणि केस वाढतच नाहीत, असं लेकरू घरात असेल तर इथे दाखवाच.

आमच्या मुलीला आधी सगळीकडे एक्झिमाचंच औषध मिळालं. लाल अंग, खाज, रक्तात आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं प्रथिन, भरमसाट. तसं वाटणं साहजिक होतं. केस विरळ आहेत म्हटलं की उत्तर यायचं, जावळ काढा, दाट येतील. काढलं. नवे आले तेही बोटभर व्हायच्या आत तुटले.

इथल्या मॅडमनी चट्ट्यांच्या वेड्यावाकड्या कडा पाहिल्या, कडेची पापुद्र्यांची दुहेरी रेघ पाहिली आणि डर्मोस्कोप, म्हणजे कातडी-केस मोठे करून दाखवणारं भिंग, थेट भुवईवर धरला. डोक्याच्या केसांत खूण सापडली नाही तरी भुवईत सापडू शकते, म्हणाल्या. मग पडदा आमच्याकडे वळवला. केसाला बांबूसारखी पेरं होती, एक भाग दुसऱ्यात खुपसलेला. नेदरटन सिंड्रोम, कातडीचा आणि केसांचा जन्मजात आजार. लेकराला सुईसुद्धा न टोचता तिथवर पोचलो. पुढे जनुक चाचणीत स्पिंक-५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड निघाला. त्यातून बनणारं प्रथिन कातडीतल्या एन्झाइमांना आवर घालतं. ते नसलं की वरचा थर वेळेआधीच सुटतो.

मॅडमनी जुन्या मलमांची पिशवी टेबलावर ओतून एकेक नळी वाचली. टॅक्रोलिमस हे एक्झिमावरचं मलम बाजूला काढलं, कारण अशा कातडीतून ते रक्तात फार उतरतं. रक्तातली पातळीही मोजून घेतली. एवढ्यासाठीसुद्धा मी त्यांची ऋणी आहे.

माझी सासू माझी सख्खी आत्याच. समुपदेशनाला तीही बसली. बिघडलेली एकेक प्रत आई आणि बाप दोघांकडून आली आहे, एकट्या सुनेकडून नाही, हे तिला शांतपणे, चित्र काढून सांगितलं. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, मुलगा असो की मुलगी. गर्भातच तपासता येतं, हेही सांगितलं. हा आजार पूर्ण बरा होत नाही, हे लपवलं नाही.

बसायची जागा मात्र कोंदट आहे. असल्या कातडीच्या पोरांना उन्हाळ्यात तिथे फार त्रास होतो, कूलर लावायलाच हवा. नंबरही उशिरा लागतो.

जाताना जुन्या मलमांच्या नळ्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्या. आणि घरातलं मोठं माणूसही न्या.