स्टिंगली की गार्डनर? कॉर्नरबॅक निवडताना कोणता पुरावा जड मानावा

२८ एप्रिल २०२२ रोजी लास व्हेगासमध्ये झालेल्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील संघांनी महाविद्यालयीन खेळाडू क्रमाने निवडण्याच्या सोहळ्यात, ह्यूस्टन टेक्सन्सने तिसऱ्या क्रमांकावर लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या डेरेक स्टिंगली ज्युनियरची निवड केली. लगेच पुढच्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सने सिनसिनाटी विद्यापीठाचा अहमद गार्डनर घेतला, ज्याला सगळे ‘सॉस’ याच नावाने ओळखतात. दोघेही कॉर्नरबॅक. मैदानाच्या कडेला प्रतिस्पर्ध्याच्या वेगवान रिसीव्हरसमोर, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूसमोर, उभे राहायचे आणि त्याच्याकडे येणारा पास रोखायचा, हे त्यांचे काम. त्यात एक चूक झाली की थेट टचडाउन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गुण. महाविद्यालयीन कॉर्नरबॅकची पारख करून स्वतःची ड्राफ्ट-यादी मांडू पाहणाऱ्याने अभ्यासासाठी एकच जोडी घ्यायची असेल, तर ती हीच घ्यावी असे मला वाटते, कारण या दोघांच्या बाजूने आणि विरोधात असलेले पुरावे जवळजवळ उलट प्रकारचे होते.

स्टिंगलीची बाजू २०१९ या एका हंगामावर उभी होती, पण तो हंगाम साधा नव्हता. महाविद्यालयातील पहिल्याच वर्षी, देशातील सर्वांत कठीण मानल्या जाणाऱ्या एसईसी परिषदेत (विद्यापीठ-संघांच्या गटात) त्याने सहा इंटरसेप्शन घेतले, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पास स्वतःच झेलले, आणि आणखी पंधरा पास हाताने परतवले. त्याचा संघ पंधराही सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. रोजच्या सरावात त्याच्यासमोर जमार चेस आणि जस्टिन जेफरसन असत, म्हणजे पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये अव्वल ठरलेले दोन रिसीव्हर. खेळ त्याच्या घरातलाच होता. आजोबा डॅरिल स्टिंगली न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे रिसीव्हर होते, आणि १९७८ च्या एका सराव सामन्यातील धडकेने त्यांना कायमचे अपंगत्व आले, हा अमेरिकी फुटबॉलच्या इतिहासातील एक दुःखद भाग आहे.

पुढच्या दोन वर्षांत मात्र तो एकूण दहाच सामने खेळला आणि एकही इंटरसेप्शन त्याच्या नावावर लागला नाही. २०२० मध्ये संघाचा बचाव-प्रशिक्षक बदलला आणि सगळी बचावफळीच विस्कळीत झाली. आजारपणामुळे स्टिंगली ज्या सलामीच्या सामन्याला मुकला, त्यात मिसिसिपी स्टेटच्या क्वार्टरबॅकने (पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूने) ६२३ यार्डांचे पास टाकून परिषदेचा विक्रम केला. २०२१ मध्ये पायाच्या दुखापतीवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि तीन सामन्यांतच हंगाम आटोपला. त्यामुळे २०२२ च्या वसंतात त्याची यादीतली जागा ठरवणाऱ्यासमोर प्रश्न उभा राहिला तो असा, की सर्वोत्तम प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचा पण दोन वर्षे जुना पुरावा किती ग्राह्य धरायचा.

गार्डनरचा पुरावा ताजा होता आणि सलग तीन हंगामांचा होता. या तीन वर्षांत त्याच्या जबाबदारीवरील रिसीव्हरने त्याच्याविरुद्ध एकही टचडाउन केला नाही, ही गोष्ट त्या काळी सर्वत्र सांगितली जाई आणि ती खरी होती. त्याने दरवर्षी तीन याप्रमाणे नऊ इंटरसेप्शन घेतले. हा आकडा मोठा वाटत नाही, पण इंटरसेप्शनच्या आकड्यावरून कॉर्नरबॅक मोजणे ही या विषयातील सर्वांत फसवी सवय आहे. बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग एकवीस निर्धाव षटके टाकली, ३२ षटकांत पाच धावा दिल्या आणि त्या डावात त्यांना एकही बळी मिळाला नाही. त्या डावाची धावपत्रिका केवळ बळींच्या रकान्यातून वाचणाऱ्याला त्या गोलंदाजीचे काहीच कळणार नाही. गार्डनरच्या बाबतीतही क्वार्टरबॅक त्याच्या दिशेने पास टाकणेच टाळू लागले आणि चेंडू दुसऱ्या कडेला, त्याचा सहकारी कोबी ब्रायंट याच्याकडे जाऊ लागला. परिणाम असा, की २०२१ मध्ये बचावाच्या मागच्या फळीतील देशातील सर्वोत्तम खेळाडूसाठी दिला जाणारा जिम थॉर्प पुरस्कार ब्रायंटला मिळाला, आणि ड्राफ्टमध्ये मात्र गार्डनर चौथा गेला व ब्रायंट थेट चौथ्या फेरीत.

गार्डनरविरुद्धचा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाचा होता. सिनसिनाटी तेव्हा अमेरिकन अॅथलेटिक परिषदेत खेळे आणि तिथे एसईसीसारखे रिसीव्हर आठवड्यामागून आठवडा समोर येत नाहीत. या आक्षेपाला उत्तर म्हणून त्याचे समर्थक २०२१ च्या अखेरच्या दिवशी अलाबामाविरुद्ध झालेला उपांत्य सामना पुढे करत, कारण त्यातही त्याने टचडाउन दिला नाही. मला हा युक्तिवाद लंगडा वाटतो. अलाबामाने तो सामना २७-६ असा जिंकला तो मुख्यतः चेंडू घेऊन धावून. एकट्या ब्रायन रॉबिन्सनने २०४ यार्ड काढले. पास करण्याची ज्या संघाला फारशी गरजच पडली नाही, त्याच्याविरुद्धचा सामना कॉर्नरबॅकची कसोटी म्हणून मोजता येत नाही. आक्षेप त्यामुळे पुसला गेला नाही. तो किती मोठा मानायचा, एवढेच ठरवायचे उरले.

शरीरयष्टीत फरक स्पष्ट होता. दोघांचेही वजन १९० पौंडांच्या आसपास, पण गार्डनरची उंची सव्वासहा फुटांच्या जवळ आणि हात साडेतेहतीस इंचांचे, तर स्टिंगली सहा फूट उंच आणि त्याच्या हातांची लांबी साडेतीस इंचांच्या थोडी वर. प्रेस पद्धतीत, म्हणजे स्नॅप होताच (चेंडू खेळात येताच) रिसीव्हरला छातीवर हात लावून अडवताना, हे तीन इंच फार उपयोगी पडतात. पण इथेच महाविद्यालयीन चित्रफिती पाहणाऱ्याने सावध राहिले पाहिजे. चेंडू फेकला जाण्यापूर्वी रिसीव्हरला धरून-ढकलून खेळण्याची मोकळीक महाविद्यालयीन नियमांत बरीच आहे. एनएफएलमध्ये पाच यार्डांपलीकडे हात लावला की दंड होतो आणि प्रतिस्पर्ध्याला आपोआप नवा फर्स्ट डाउन (पुढे सरकण्याच्या प्रयत्नांची नवी मालिका) मिळतो. पासमध्ये अडथळा आणल्याचा दंड महाविद्यालयात जास्तीत जास्त पंधरा यार्डांचा, तर व्यावसायिक सामन्यात चेंडू जिथे प्रमाद घडला तिथेच ठेवला जातो. म्हणजे एका निष्काळजी हाताने चाळीस-पन्नास यार्ड जाऊ शकतात. लांब हातांच्या आणि झोंबून खेळणाऱ्या कॉर्नरबॅकचा प्रत्येक चांगला डाव हा प्रश्न मनात ठेवूनच पाहावा. या कसोटीवर, केवळ पायांच्या चालीने रिसीव्हरला चिकटून राहणारा स्टिंगली मला २०१९ च्या चित्रफितींत अधिक निर्धोक वाटत होता.

आणखी एक बाब सहसा नजरेतून सुटते. महाविद्यालयीन मैदानावर हॅशच्या दोन रेषांमध्ये (ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून प्रत्येक डाव सुरू होतो) चाळीस फुटांचे अंतर असते, एनएफएलमध्ये साडेअठरा फुटांचे. त्यामुळे महाविद्यालयात चेंडू बहुधा एका कडेकडे सरकलेला असतो आणि त्या बाजूच्या कॉर्नरबॅकला सांभाळायला थोडीच जागा उरते, शिवाय बाहेरची रेषा त्याच्या मदतीला असते. ही सवलत पुढे मिळत नाही. म्हणून रुंद बाजूला खेळलेले डाव निवडून वेगळे पाहणे शहाणपणाचे.

वेगाबद्दल फार बोलण्याची गरज नाही. चाळीस यार्डांसाठी गार्डनरने कंबाइनमध्ये (ड्राफ्टपूर्वी सर्व संघांसमोर होणाऱ्या एकत्रित चाचणीत) ४.४१ सेकंद घेतले. स्टिंगली दुखापतीमुळे तिथे धावला नाही आणि एप्रिलमधील विद्यापीठाच्या प्रो डेला (विद्यापीठातच होणाऱ्या चाचणीच्या दिवशी) ४.३७ सेकंदांत धावला. प्रो डेची वेळ घरच्या मैदानावरची असते, त्यामुळे हा फरक शून्य मानावा. त्या धावेचा खरा उपयोग एवढाच, की शस्त्रक्रिया झालेला पाय भार सोसतो हे सर्वांना दिसले.

तोलून पाहण्यासारखी बाब वेगळीच आहे, ती म्हणजे करार. २०११ च्या कामगार करारापासून नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेले असते. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकात पैशाचा फरक किरकोळ. पहिल्या फेरीतील खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाकडे राहतो. या अवधीतला दुखापतीत गेलेला प्रत्येक महिना संघाच्या सर्वांत स्वस्त काळातून वजा होतो. म्हणून प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाविषयीची शंका आणि दुखापतीची शंका या दोन समान वजनाच्या शंका नाहीत, असे माझे मत आहे. पहिलीचे उत्तर चित्रफितीत पुष्कळसे सापडते, कारण पायांची चाल, कंबर वळवण्याची सहजता आणि चेंडू हवेत असताना मान वळवून तो शोधण्याची सवय दुबळ्या रिसीव्हरसमोरही दिसते. दुसरीचे उत्तर वैद्यकीय अहवालात असते, आणि तो बाहेरून पारख करणाऱ्याच्या हाती कधीच पडत नाही.

संघाची पद्धतही पाहावी लागते. जेट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक रॉबर्ट सालेह ज्या बचावपरंपरेतून आले होते, तिच्यात कडेला उंच, लांब हातांचे कॉर्नरबॅक पूर्वीपासून हवे असत. गार्डनर त्या साच्यात चपखल बसला. ह्यूस्टनचे प्रशिक्षक लव्ही स्मिथ मात्र झोन पद्धतीसाठी, म्हणजे एका रिसीव्हरऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्यासाठी, ओळखले जात, आणि स्टिंगलीची ताकद होती ती रिसीव्हरच्या मागे एकट्याने राहण्यात. ही जोडणी मला तेव्हाही विचित्र वाटली होती.

पुढे झाले ते असे. गार्डनर पहिल्या दोन हंगामांच्या ३४ सामन्यांपैकी ३३ खेळला, २०२२ चा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला आणि दोन्ही वर्षी ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, पहिल्या संघात आला. २०२३ मध्ये तर एकही इंटरसेप्शन न घेता. स्टिंगली त्याच अवधीत मांडीच्या स्नायूंच्या दुखापतींमुळे २०च सामने खेळू शकला. पण डेमेको रायन्स प्रशिक्षक म्हणून आल्यानंतर, २०२३ च्या अकरा सामन्यांत त्याने पाच इंटरसेप्शन घेतले, २०२४ मध्ये पुन्हा पाच घेतले आणि तोही ऑल-प्रोच्या पहिल्या संघात पोहोचला. मार्च २०२५ मध्ये त्याला तीन वर्षांसाठी नऊ कोटी डॉलरचा करार मिळाला, जुलैमध्ये गार्डनरला चार वर्षांसाठी बारा कोटी चार लाखांचा. वर्षाचा दर जवळजवळ एकच.

२०२२ मध्ये तिसरी निवड माझ्याकडे असती आणि पायाचा वैद्यकीय अहवाल समोर नसता, तर मी गार्डनरला घेतले असते. आजही त्याच माहितीवर तेच करीन. अहवाल हाती असता, तो स्वच्छ असता आणि माझा प्रशिक्षक कॉर्नरबॅकला रिसीव्हरसमोर एकटे सोडणारा असता, तर स्टिंगलीला.