इंग्रजी प्रिपोझिशनसाठी तयार तक्ता की प्रत्ययवार कार्डे? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा इन-ऑन-ॲटचा उलट्या त्रिकोणाचा तक्ता आणि मराठी प्रत्ययांवरून हाताने तयार केलेली कार्डे (पुढे मराठी वाक्य, मागे इंग्रजी), ही दोन्ही साधने सोलापुरातल्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात काही महिने एकत्र वापरली. विद्यार्थी बहुतेक मराठी माध्यमातले. काही स्पर्धा परीक्षा देणारे, काही दुकानात किंवा कारखान्यात नोकरी करणारे. मत आधीच सांगून टाकतो: तक्ता सुरुवातीला हवाच, पण त्याचा उपयोग लवकर संपतो. खरे काम कार्डे करतात, आणि तीही इंग्रजी शब्दांवरून न लावता मराठी प्रत्ययांवरून लावली तरच.

तक्त्याचे चांगले आधी. वरच्या रुंद पट्ट्यात इन, मधल्यात ऑन, टोकाला ॲट. वरून खाली येताना काळ आणि जागा नेमकी होत जाते, हे चित्र डोक्यात पक्के बसते. तक्त्यावरची लंडन आणि ख्रिसमसची वाक्ये मात्र पुसून टाकावीत आणि गावातली घालावीत. सोलापुरात मार्शल लॉ लागला तो इन १९३०, इन मे. चार हुतात्म्यांना फाशी झाली ती ऑन १२ जानेवारी १९३१, ॲट येरवडा जेल. जागेसाठी: इन सोलापूर, ऑन होटगी रोड, ॲट सात रस्ता. अशी वाक्ये मुलांना पुन्हा विचारावी लागत नाहीत.

अडचण पुढे येते. ‘इन द मॉर्निंग’ पण ‘ॲट नाइट’, आणि सकाळच्या आधी वार आला की ‘ऑन मंडे मॉर्निंग’, हे तक्त्यात बसत नाही. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्याआधी वेळेचे प्रिपोझिशन लागतच नाही, हे तर छापील तक्त्यावर कुठेच नव्हते. त्यामुळे ‘ऑन नेक्स्ट मंडे’ ही चूक तक्ता पाठ केल्यावर उलट वाढते. वाहनांचेही तसेच. बस, रेल्वे, विमान यांना ऑन. रिक्षा, कार, टॅक्सी यांना इन. आत उभे राहून चालता येत असेल तर ऑन, ही खूण बहुतेक ठिकाणी कामी येते. झाडावरचा पक्षी इंग्रजीत ‘इन द ट्री’ असतो, झाडावरचा आंबा मात्र ‘ऑन द ट्री’.

मूळ कारण समजले की कार्डांची रचना आपोआप ठरते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाच्या मागे लागतात आणि नामाचे सामान्यरूप होते: शाळा, शाळेत, रस्ता, रस्त्यावर. सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, पण तिथेही रचना तीच: घरात, इंट्लो, मनेयल्लि. म्हणून वाटते की मागचे पुढे आणणे हीच अडचण असेल. तसे नाही, ते मुले पटकन शिकतात. अडचण वाटणीची आहे. मराठीचा एक प्रत्यय इंग्रजीत पाच-सहा शब्दांत वाटला जातो, आणि ती वाटणी इंग्रजीच्या बाजूने पाहिली तर दिसतच नाही.

‘ने’ घ्या. विणकराने विणली: बाय अ विव्हर. कात्रीने कापली: विथ सिझर्स. एसटीने पाठवली: बाय बस. थंडीने कुडकुडला: शिव्हर्ड विथ कोल्ड. उपासमारीने मेला: डाइड ऑफ हंगर. दहा टक्क्यांनी स्वस्त: चीपर बाय टेन पर्सेंट. कर्त्याला बाय, हातातल्या साधनाला विथ, एवढे आधी पक्के करावे. बाय आणि वाहनाचे नाव यांच्या मध्ये काहीच येत नाही: ‘बाय कार’ बरोबर, ‘बाय माय कार’ चूक, माझी गाडी म्हणायची असेल तर ‘इन माय कार’. हा बारकावा व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात, बोलण्यात मात्र रोज लागतो.

‘ला’ची गड्डी सर्वांत जाड होते. ‘संक्रांतीला गड्ड्याला गेलो’ (गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीची जत्रा) या एका वाक्यात दोन ‘ला’ आहेत: पहिला ॲट, दुसरा टू. सोलापूरला राहतो, इन. १४ तारखेला, ऑन. कुत्र्याला घाबरतो, अफ्रेड ऑफ. त्याला सांग, टेल हिम, मध्ये काही नाही. पण त्याला समजाव, एक्स्प्लेन इट टू हिम. ‘एक्स्प्लेन मी’ ही चूक शिकलेल्यांच्या तोंडीही ऐकू येते, तिचे मूळ याच ‘ला’मध्ये आहे.

‘पर्यंत’ची कार्डे सर्वांत जास्त गुण मिळवून देतात. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा: बाय फ्रायडे. शुक्रवारपर्यंत दुकान बंद: टिल फ्रायडे. एकदाच होऊन संपणारे काम असेल तर बाय, चालू राहणारी स्थिती असेल तर टिल. नकारात बहुतेक टिल येते: शुक्रवारपर्यंत येणार नाही, वोन्ट कम टिल फ्रायडे. पुण्यापर्यंत, ॲज फार ॲज पुणे. पाचशेपर्यंत, अप टू फाइव्ह हंड्रेड. ‘पासून’मध्ये एकच गोष्ट घोकून घ्यावी: सुरुवातीचा क्षण दिला तर सिन्स, कालावधी दिला तर फॉर. ‘तीन वर्षांपासून’ला ‘सिन्स थ्री इयर्स’ नाही, ‘फॉर थ्री इयर्स’, आणि क्रियापद हॅव किंवा हॅजसह.

ज्या इंग्रजी क्रियापदांना प्रिपोझिशन नकोच, त्यांची कार्डे वेगळी हवीत. आम्ही त्यांचा कोपरा लाल केला: डिस्कस, मॅरी, एन्टर, रीच, अटेंड, रिझेम्बल. मराठीत ‘विषयी चर्चा’, ‘तिच्याशी लग्न’ असते म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘मॅरी विथ’ तोंडात येते. त्याच कार्डावर नामही लिहावे, कारण नाम झाले की प्रिपोझिशन परत येते: ‘डिस्कशन अबाउट’. स्टेशनावर पोहोचलो हे ‘रीच्ड द स्टेशन’, पण ‘अराइव्ह्ड ॲट द स्टेशन’, आणि शहर असेल तर ‘अराइव्ह्ड इन सोलापूर’.

कार्ड करायची पद्धत. जाड कार्डशीटचे पोस्टकार्डाच्या निम्मे तुकडे. गुळगुळीत कागद घेऊ नये, बॉलपेनची शाई पसरते. पुढे पूर्ण मराठी वाक्य, प्रत्ययाखाली रेघ. मागे पूर्ण इंग्रजी वाक्य. घरी तेलुगू किंवा कन्नड असेल तर पुढचे वाक्य त्या भाषेत लिहिले तरी चालते. रोज पाच नवी, फार तर आठ. कार्डे ठेवायच्या खोक्याला पाच कप्पे, प्रत्येकाची उजळणी वेगळ्या अंतराने: पहिला रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की थेट पहिल्यात. उत्तर मोठ्याने म्हणायचे. मनात वाचून पालटलेले कार्ड ‘येते’ असे वाटते, आणि बोलताना अडते.

कुठे बिघडते तेही सांगायला हवे. पुढे फक्त ‘पर्यंत’ आणि मागे ‘बाय, टिल, अप टू’ असे लिहिलेले कार्ड निरुपयोगी. यादी पाठ होते, निवड जमत नाही. बाय आणि टिल एकाच दिवशी नवे म्हणून दिले तर दोन्ही गोंधळतात, मध्ये चार-पाच दिवस जाऊ द्यावेत. चौथ्या कप्प्यापर्यंत आलेली कार्डे प्रत्ययवार न ठेवता पिसून घ्यावीत, नाहीतर मुले गड्डीवरूनच उत्तर ओळखतात. आणि ‘टू’ दोन प्रकारचे असते, हे वेळेवर सांगावे: ‘वॉन्ट टू मीट’ पण ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. दुसऱ्यातले टू प्रिपोझिशन आहे, त्यामागे क्रियापद आयएनजी लावूनच येते. प्रिपोझिशनमागे सर्वनामही कर्मरूपातच येते: ‘बिटवीन यू अँड मी’.

कार्डांची मोठी उणीव म्हणजे वेळ. तक्ता टांगून होतो, कार्डांना रोज वीस मिनिटे द्यावी लागतात आणि मधे आठवडा गेला की पहिला कप्पा फुगतो. अशा वेळी नवी कार्डे थांबवून आधी जुनी उतरवावीत. परीक्षा महिन्यावर आली असेल तर सगळ्या गड्ड्या न करता ‘ला’, ‘पर्यंत’, ‘पासून’ आणि लाल कोपऱ्याची कार्डे एवढीच करावीत. ‘लुक आफ्टर’, ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’ असली जोडक्रियापदे या खोक्यात घालू नयेत. त्यांचा अर्थ प्रत्ययावरून काढता येत नाही, त्यांना स्वतंत्र खोके लागते.