चार लिटरचा मिनी केग, आठ महिने वापरून: ओतायला झकास, गॅस भरायला महागडा

हा मिनी केग, म्हणजे नळ लावलेलं बियरचं छोटं पिंप, मागच्या ऑक्टोबरात घेतला, आता जून चाललाय, मधे सहा बॅच बियरच्या आणि दोनदा कोकम झालंय, म्हणजे लिहायला हरकत नाही असं वाटतं. नाहीतर लोक डबा उघडल्या उघडल्या पाच स्टार देऊन मोकळे होतात आणि मग आपल्यासारखे ते वाचून फसतात.

आधीच सांगतो, मी न्यू जर्सीत राहतो. इथे घरी बियर बनवणं कायद्यात बसतं. कार्टर प्रेसिडेंट होते तेव्हा १९७८ ला त्यांनी सही केली आणि १९७९ पासून देशपातळीवर मोकळीक मिळाली, घरात एक मोठा माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त असतील तर २००, फक्त विकायची नाही. आमच्या घरात वर्षाला १० गॅलन पण होत नाही तो भाग वेगळा. पुण्या-नाशकात बसून वाचणाऱ्यांनी मात्र लगेच ऑर्डर टाकू नका, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि लायसन्सशिवाय घरी बियर काढता येत नाही. तुम्ही खालचा कोकमाचा भाग वाचा.

तर वस्तू काय आहे, १२८ औंसाचा म्हणजे साधारण ३.८ लिटरचा स्टीलचा केग, दुहेरी भिंतीचा, थर्मासला असते तशी मधे व्हॅक्यूम. वर स्क्रूचं झाकण, त्यात छोटा रेग्युलेटर, प्रेशरचा काटा, जास्त प्रेशर झालं तर आपोआप सुटणारा व्हॉल्व्ह आणि समोर नळ. रेग्युलेटरला आटे असलेली १६ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची कॅप्सूल लागते. सगळा सेट मला नव्वद डॉलरच्या आसपास पडला. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच केग चार वेगवेगळ्या स्टिकरांखाली मिळतो आणि खाली जे रडगाणं आहे ते एका कोणाच्या नावावर टाकायचं नाहीये.

हा का घेतला, तर बाटल्यांचा कंटाळा. मी गॅसवर मोठ्या पातेल्यात एक गॅलनची बॅच करतो, काचेच्या बरणीत दोन आठवडे आंबवतो, तळाचा गाळ सोडला की हातात साडेतीन लिटर येते. त्यासाठी दहा-अकरा बाटल्या धुवा, निर्जंतुक करा, भरा, बुचं ठोका. एवढी मेहनत करून दोन मित्र आले की एका संध्याकाळी सगळं साफ. आमच्या ग्रुपमधल्या एका दादाकडे पाच गॅलनचे ते उंच कॉर्नी केग आहेत, जे मूळ पेप्सी-कोकवाल्यांच्या सरबतासाठी बनायचे, शेजारी पाच पौंडाचा सिलिंडर, वेगळा फ्रिज, सगळा थाट. दादा म्हणाला, "अरे घे की एक, आयुष्यभराचं काम होईल." दादाला तळघर आहे, मला दोन बेडरूमचं अपार्टमेंट आणि एकच फ्रिज, ज्यात इडलीचं पीठ, दही, आठवड्याच्या भाज्या. तिथे पाच गॅलनचा केग ठेवायचा म्हणजे मी बाहेर झोपायचं.

मिनी केग त्या मापाला अगदी फिट, साडेतीन लिटर बियर आणि वर थोडी मोकळी जागा. नळासकट उंची एवढी आहे की फ्रिजचा एक कप्पा काढावा लागला, त्यावरून घरात जे काय झालं ते इथे लिहीत नाही.

आता मुख्य मुद्दा, जो कुठल्याच जाहिरातीत नाही. डब्यावर लिहिलंय की कॅप्सूल लावा, बियरमध्ये गॅस भरा, प्या. मी पहिल्या बॅचला तसंच केलं. ३८ फॅरनहाइटला (साधारण ३ सेल्सिअस) १२ पीएसआय (हे प्रेशरचं माप) ठेवायचं, आठवड्याभरात बियरला नीट फेस धरतो, हे गणित मोठ्या केगवाल्यांचं आहे आणि ते बरोबरच आहे. पण त्यांच्याकडे पाच पौंड गॅस असतो आणि आपल्याकडे सोळा ग्रॅम! तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काटा शून्यावर. मला वाटलं लीक आहे, साबणाचं पाणी लावून सगळे सांधे तपासले, एक बुडबुडा नाही. दुसरी कॅप्सूल लावली, ती पण अर्धी खाल्ली बियरने. मग रात्री कागद घेऊन बसलो.

हिशोब असा आहे बघा. आंबवून झालेल्या बियरमध्ये घरच्या तापमानाला आधीच थोडा गॅस असतो, तिच्या आकारमानाच्या पाऊणपट-एकपट म्हणा. आपल्याला हवा साधारण अडीचपट. एक लिटर बियरला एकपट गॅस म्हणजे जवळपास दोन ग्रॅम. म्हणजे साडेतीन लिटरला कमी पडणारा गॅस होतो अकरा ग्रॅमच्या आसपास. सोळातले अकरा बियरच पिऊन बसली! पुढे ओतताना रिकामी होणारी जागा पण गॅसनेच भरायची असते, त्याला अजून नऊ-दहा ग्रॅम. वर सुरुवातीला आतली हवा बाहेर काढायला दोन-तीनदा गॅस भरून सोडायचा, ते वेगळंच. म्हणजे एका केगला दोन कॅप्सूल जातातच, हात सैल असेल तर तिसरी. डझनाचं पाकीट घेतलं तरी एक कॅप्सूल दोन डॉलरच्या खाली येत नाही, म्हणजे साडेतीन लिटर बियरला नुसता गॅस चार-सहा डॉलरचा. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) मिळून मला त्याच्या दुप्पट पण पडत नाहीत.

मग दुसऱ्या बॅचपासून मी आपली जुनी बाटलीवाली पद्धत केगलाच लावली. म्हणजे साखर. लिटरला सहा ग्रॅम या हिशोबाने साडेतीन लिटरला २० ग्रॅम साधी साखर, वजनकाट्यावर मोजून, चमच्याने नाही, थोड्या पाण्यात उकळून गार करून केगच्या तळाशी, वरून बियर नळीने हळू सोडायची, छपाक-छपाक करायचं नाही, नाहीतर हवा मिसळते आणि महिन्याभरात बियरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. झाकण लावलं, रेग्युलेटर बंद, वरची हवा काढायला एक छोटा फुसका मारला आणि केग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन आठवडे. उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि गॅस फुकट. आमच्या आईला फोनवर समजावत होतो तर ती म्हणाली, "मग इडलीच्या पिठात काय वेगळं होतं रे?" बरोबर आहे तिचं, फक्त तिच्या पातेल्याला झाकण सैल असतं.

यात बघायला जाम मजा येते. काटा रोज थोडा थोडा चढतो, माझ्याकडे पाचव्या दिवशी १४, दहाव्या दिवशी २६, मग थांबला. घाबरू नका, ७० फॅरनहाइटला, म्हणजे घरच्या तापमानाला, तेवढाच गॅस धरून ठेवायला तिशीच्या आसपास प्रेशर लागतंच, थंड केलं की तोच काटा १०-१२ वर येतो. पण एक चेक करा, तुमच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह किती प्रेशरला सुटतो ते. माझ्या डब्यावर ६० लिहिलंय म्हणून ही पद्धत चालते. व्हॉल्व्ह तिशीलाच सुटणारा असेल तर रात्रभर फुस्स फुस्स करत बसेल आणि सकाळी सपाट बियर. आणि हे त्या पाच लिटरच्या पातळ पत्र्याच्या जर्मन पार्टी-पिंपात करायचं असेल तर साखर अजून कमी टाका, ते पिंप प्रेशर जास्त झालं की दोन्ही टोकांना फुगतं.

आता कॅप्सूल फक्त ओतायला. एका कॅप्सूलमध्ये अख्खा केग संपतो. पहिला अर्धा ग्लास यीस्टमुळे गढूळ येतो तो मी कुंडीत टाकतो, नंतर स्वच्छ.

थर्मासवाल्या भिंतीबद्दल. जाहिरातीत हेच सगळ्यात मोठं कौतुक आहे की तासन् तास थंड राहते. राहते, खोटं नाही. मित्राच्या बॅकयार्डमध्ये बार्बेक्यूला दुपारी एकला नेला, सहा वाजता पण शेवटचा ग्लास थंडगार. पण जी भिंत थंड बाहेर जाऊ देत नाही ती थंड आत तरी कशी येऊ देईल? घरच्या तापमानाची बियर भरून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पण ती कोमटाच्या जवळच होती, पूर्ण गार व्हायला दोन दिवस धरून चला. आणि बियर कोमट असताना नळ उघडलात तर ग्लासात नुसता फेस, शॅम्पू ओतल्यासारखा. पाहुणे येणार असतील त्याच्या दोन दिवस आधी केग फ्रिजमध्ये, हे मी कॅलेंडरवर टाकतो. मी परत घेतला तर एकेरी भिंतीचा घेईन आणि पार्टीला बर्फाच्या बादलीत ठेवीन, वजन पण कमी. हा भरलेला सहा किलोच्या आसपास जातो.

ओतताना प्रेशर तीन ते पाचवर आणा. नळाला नळी अशी नाहीच, बियर थेट ग्लासात आपटते, बारावर ठेवलं तर फेसच येणार. आणि नळ पूर्ण उघडा, अर्धा उघडून जपून ओतायला गेलात की अजून फेस. हे मला दादानेच शिकवलं, "घाबरत घाबरत उघडू नको, ती ओळखते."

त्याच बार्बेक्यूची दुसरी गोष्ट. केग डिकीत आडवा ठेवला. माझीच चूक. वळणावर लोळला, बियर उलटी रेग्युलेटरमध्ये शिरली आणि काट्याच्या काचेमागे पिवळं पाणी जमा झालं. काटा ९ वर अडकला तो अडकलाच, टिचक्या मारून, गरम पाण्यात धरून काही फरक नाही. विकणाऱ्याला मेल केला तर त्यांनी तिसऱ्या दिवशी उत्तर दिलं की वस्तू उभीच न्यायची असते, माहितीपत्रक बघा. बघितलं, त्यात चार भाषांत सगळं आहे, हे एवढं नाही. नवा काटा वेगळा मागवला, अठरा डॉलर.

सफाईचं सांगायचं तर केग सोपा, तोंड एवढं मोठं आहे की हात जात नसला तरी लांब ब्रश जातो. नळ मात्र प्रत्येक वेळी खोला. मी तिसऱ्या बॅचनंतर आळस केला, नुसतं गरम पाणी काढलं, आणि चौथी बियर पहिल्या घोटालाच आंबट. नळ उघडला तर आतल्या दांड्याला करड्या रंगाचा चिकट थर, वास आठवड्याभराच्या दह्याचा. आता पाच पार्ट सुटे करून धुतो, मग स्टार सॅनच्या (निर्जंतुक करायचं औषध) पाण्यात बुडवतो, लिटरला दीड मिली पुरतं, त्याचा फेस राहिला तरी चालतो. ब्लीच अजिबात वापरू नका, स्टीलला खड्डे पडतात. रबरी रिंगांना खायच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस चोळलं की निम्मे लीक तिथेच संपतात.

कॅप्सूल घेताना डोळे उघडे ठेवा. सायकलच्या टायरवाल्या कॅप्सूलला तेच आटे असतात आणि स्वस्त पण असतात, पण त्यात मशीनचं तेल असू शकतं, म्हणून पाकिटावर फूड ग्रेड लिहिलेलं बघूनच घ्या. व्हिप्ड क्रीमच्या छोट्या कॅप्सूलमध्ये तर गॅसच वेगळा असतो, नायट्रस. आणि रेग्युलेटरशिवाय काही जुगाड करू नका, त्या बोटभर नळकांड्यात घरच्या तापमानाला साडेआठशे पीएसआय प्रेशर असतं.

टिकायचं म्हणाल तर हवा न लागू देता भरलेली आणि थंड ठेवलेली माझी पेल एल (बियरचा एक फिक्या रंगाचा प्रकार) अडीच महिने मस्त राहिली, हॉप्सचा वास थोडा उतरला इतकंच. ब्रूअरीतून साध्या काचेच्या मोठ्या बाटलीत भरून आणलेली तिसऱ्या दिवशी मरते, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता कोकम. बायकोचा केगवरचा राग इथे शांत झाला. कोकमाचा आगळ, साखर, जिरं, मीठ, सगळं मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळून (न गाळता टाकलं तर नळ चोंदतो, विचारू नका कसं माहीत), आधीच बर्फासारखं गार करून केगमध्ये, ३० वर गॅस, पाच मिनिटं केग मांडीवर घेऊन हलवायचा. यात यीस्ट नाही म्हणून कॅप्सूलच लागते, एक पूर्ण जाते. पण जी काय जीभ झिणझिणते, गोटी सोडा आठवला. मुलांच्या वाढदिवसाला नेला तर लोकांनी बियर सोडून तेच ढोसलं. नंतर रिंगा मात्र गुलाबी झाल्या त्या झाल्याच.

स्टार मागतायत तर साडेतीन देतो. अर्धा काट्यासाठी कापला, एक त्या "कॅप्सूल लावा आणि प्या"साठी. मोठ्या बॅच करणाऱ्यांनी दादाचं ऐका. माझ्यासारखे गॅलनभर करणारे असाल, साखर मोजायचा काटा घरात असेल, तर घ्या, सोबत जादा रिंगांचं पाकीट त्याच ऑर्डरमध्ये टाका, वेगळं मागवलं तर शिपिंगच रिंगांपेक्षा जास्त लागतं. सातवी बॅच गव्हाची आहे, गेल्या शनिवारी भरली, आज सकाळी नवा काटा १७ दाखवतोय.